संकल्पाचे माप

नव्या वर्षाचे संकल्प हा विषय आपल्याकडे बहुतेक विनोदी लेखकांच्या स्वाधीन झाला आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे उठण्याचा निश्चय करणारा आणि चौथ्या दिवशी घड्याळाचा गळा दाबून पुन्हा पांघरुणात शिरणारा गृहस्थ कोणत्या ना कोणत्या पुरवणीत हटकून भेटतो. त्याच्या रोजनिशीची पहिली आठ पाने सुवाच्य अक्षरांत भरलेली असतात आणि पुढील पाने दूधवाल्याच्या हिशेबास उपयोगी पडतात. ह्या जातीच्या लेखनात पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) ह्या पुस्तकातील 'उपास' सर्वांत सरस आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. वजन कमी करण्याचा निश्चय एका माणसाचा, परंतु त्याची चर्चा, त्यावरील सल्ले आणि त्याचे भवितव्य सगळ्या चाळीचे. तेथे हसू येते ते त्या माणसाच्या दुबळेपणामुळे येते असे सामान्यतः मानतात. बारकाईने पाहिले तर त्याचे मूळ अन्यत्र आहे. निश्चयाला माप ठरलेले नाही, मुदत ठरलेली नाही, आणि प्रेक्षक मात्र पहिल्या दिवसापासून जमलेले आहेत. अशा स्थितीत भीष्माचार्यांचाही उपास मोडला असता.

दुसऱ्या टोकाला आपली ध्येयवादी कादंबरी आहे. वि. स. खांडेकरांनी १९३० नंतरच्या तरुण वाचकांस 'ध्येय' हा शब्द असा काही दिला, की तो उच्चारताच आवाज आपोआप खाली यावा. त्या शब्दाने पुष्कळांस घराबाहेर काढले, तुरुंगात नेले, खेड्यांत शाळा काढावयास लावले. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाही. परंतु ह्या पंथाच्या नायकाचे ध्येय समाज, देश किंवा मानवता यांहून लहान असे क्वचितच असते, आणि येत्या मंगळवारी सकाळी त्याने नेमके काय करावयाचे आहे याचा पत्ता त्याला बहुधा नसतो व त्याच्या लेखकालाही नसतो. वाचक कादंबरी मिटतो तेव्हा त्याचे मन भरून आलेले असते आणि हात रिकामे असतात.

ह्या दोहोंच्या मधला प्रदेश विस्तीर्ण आहे. सामान्य कुवतीच्या माणसाने वर्षभरात काय करावयाचे ठरवावे, किती ठरवावे, आणि ठरविलेले पुरे झाले की नाही हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न उपदेशपर पुस्तकांचा समजून साहित्यविचाराने तो बाजूस ठेविला आहे. आमच्या मते मराठीत ह्या प्रश्नाचा विचार चांगल्या गद्यात झालेला आहे, आणि तो बहुतांशी बायकांच्या गद्यात झालेला आहे. तो कोठे आहे हे दाखवावे आणि कितपत पटतो हे पाहावे, एवढ्यासाठीच हा लेख.

'संकल्प' हा शब्द आज आपण जवळजवळ इच्छेच्या अर्थाने वापरतो. पूजेस बसलेल्या यजमानाच्या तोंडी तो पुष्कळच काटेकोर आहे. हातात पाणी घेऊन तो प्रथम स्थळ सांगतो. मग संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार असा काळ सांगतो. मग आपले नाव व गोत्र. मग करावयाचे कर्म. ते कर्मही 'यथाशक्ति', जे साहित्य जमले असेल तेवढ्यानिशी करीन असे म्हणून तो पाणी सोडतो. कर्ता, स्थळ, वेळ, काम आणि मर्यादा ही सर्व कलमे त्यात आलेली असतात. मर्यादा आरंभीच सांगून टाकण्यात कसलीही लाज मानलेली नाही, हे विशेष.

व्रतांच्या कहाण्यांत ह्याच वस्तूला 'वसा' म्हटले आहे. वसा घेणारी बाई प्रथम विचारते की तो कसा घ्यावा, कधी घ्यावा आणि त्याचे उद्यापन कसे करावे. सोळा सोमवार म्हणजे सोळाच. सतराव्या सोमवारी उद्यापन झाले, की पुढे तिने काहीही केले तरी देवाची तक्रार नाही. उद्यापन ही कल्पना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. 'यापुढे रोज व्यायाम करीन' ह्या निश्चयाला मरणाखेरीज उद्यापन नाही, आणि म्हणूनच तो पहिल्या खाड्याला मोडतो. ज्याला शेवट नाही त्यात यश मिळण्याची सोयच नसते. अपयश मात्र कोणत्याही दिवशी मिळू शकते.

ह्या कहाण्यांत मापाच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्यासारखी कहाणी खुलभर दुधाची. राजाच्या मनात येते की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. तो दवंडी पिटवितो की नगरातील प्रत्येकाने घरातील सगळे दूध देवळात आणून घालावे. धाकाने लोक तसे करतात. मुलांना दूध राहत नाही, वासरांना राहत नाही. एवढे सारे दूध ओतूनही गाभारा भरत नाही. मग दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातील कामे आटोपलेली असतात, मुलांबाळांना, लेकीसुनांना खाऊपिऊ घातलेले असते, गाईवासरांची सोय केलेली असते. उरलेले खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा भरून येतो. राजाला हे कोडे उलगडत नाही. पुढे तो स्वतः पहारा ठेवून तिला गाठतो, तिला अभय देतो, आणि ती कारण सांगते: तुझ्या आज्ञेने नगरातील पोरे-वासरे तळमळली, आणि ते देवाला आवडले नाही.

शाळेच्या पुस्तकांत ही कहाणी भक्तीच्या शुद्ध भावाची म्हणून शिकवितात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. राजाच्या ठिकाणी भाव नाही असे कहाणी कोठेही म्हणत नाही. त्याचे उद्दिष्ट स्पष्ट आहे, मोजता येण्यासारखे आहे, दिवसही ठरलेला आहे; आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षकाने त्याला पुरे गुण दिले असते. खोट एकच आहे, की संकल्प त्याचा आणि दूध दुसऱ्यांचे. आणि म्हातारीचे यश तिच्या गरिबीत नाही, क्रमात आहे. प्रथम घरातील पोटे, मग संकल्प. कहाणीच्या रचनेतही हेच आहे. राजाच्या दुधाचे वर्णन एका वाक्यात संपते. म्हातारीने देवळात येण्यापूर्वी घरी काय काय केले, याची मात्र ती सावकाश मोजदाद करते. कोणत्याही मोठ्या निश्चयाची चरित्रे वाचताना, त्या दिवशी त्या घरातील वासरांनी काय प्याले, हा प्रश्न मनात ठेवावा असे ह्या कहाणीने आम्हांस शिकविले. त्याचा उपयोग पुढे होईल.

वर्षाचा आरंभ कोणता, याविषयीही आपल्याकडे एकमत नाही, आणि हे बरेच आहे. चैत्रातला पाडवा, व्यापाऱ्यांचा दिवाळीतला पाडवा, सरकारचा एप्रिल आणि सर्वांचा जानेवारी असे चार आरंभ तर शहरातच आहेत. मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रालगत उत्तन, पाली, चौक ही गावे आहेत; वस्ती बहुतांशी ख्रिस्ती कोळ्यांची, भाषा मराठी. तेथे १ जानेवारीस प्रार्थना होते, नवे कपडे होतात; परंतु धंद्याचे वर्ष त्या दिवशी सुरू होत नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. ह्या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर ओढून घ्यावयाच्या, फळ्या तपासावयाच्या, रंग द्यावयाचा, इंजिन उघडावयाचे, जाळी विणावयाची व सांधावयाची. पुढे नौका पाण्यात लोटतात ते त्यांचे खरे नवे वर्ष.

साहित्यविषयक लेखात पालीचे नाव कशास, असे कोणी विचारील. ते अशासाठी, की तेथील जून-जुलैची कामे हा संकल्पाचा एक अलिखित ग्रंथच आहे. 'यंदा इतके बोंबील धरीन' असे कोणी ठरवीत नाही. डोल जाळे प्रवाहाच्या तोंडी पक्के बांधून ठेवतात. पाण्याने मासळी त्यात आणून घालावयाची असते. उधाणाच्या तिथींना ओढ जोराची, भांगाच्या तिथींना मंद. ती वाढविणे कोणाच्या हाती नाही. हाती असते ते जाळे धड ठेवणे, ते वेळेवर लावणे आणि वेळेवर काढणे, आणि आलेला माल ऊन असेतो वलांडीवर घालणे. फळ पाण्याकडे, काम आपल्याकडे, अशी ही सरळ वाटणी आहे. आपले मध्यमवर्गीय निश्चय नेमके ह्याच्या उलट असतात. 'यंदा पहिला नंबर काढीन', 'यंदा बढती मिळवीन', 'यंदा दहा किलो वजन उतरवीन': ह्या सर्व मासळीच्या गोष्टी झाल्या. जाळ्याविषयी त्यात अक्षर नाही.

तथापि येथे थांबून एक आक्षेप स्वतःहून घेणे अवश्य आहे. 'झेपेल तेवढेच ठरवावे' हा उपदेश ऐकण्यास निरुपद्रवी वाटतो. परंतु तो कोण कोणास करतो आहे, हे पाहावे लागते. किनाऱ्यालगतची मासळी कमी झाली, पाणी घाण झाले, मोठ्या नौकांनी समुद्र खरवडला, तर मच्छीमाराने आपल्या अपेक्षा आवराव्या असे त्याला सांगणे हा शहाणपणा नव्हे. आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ह्याच महाराष्ट्रात आठ-नऊ वर्षांच्या विधवेला, तिला झेपेल असे आयुष्य म्हणून काय दिले होते हे सर्वांस ठाऊक आहे. अंधारी खोली, एक वेळचे जेवण, केशवपन. त्या काळच्या व्यवहारी माणसांच्या दृष्टीने तेच वास्तव होते. तेव्हा 'वास्तवाला धरून' असे आपण म्हणतो तेव्हा कोणाचे वास्तव, हा प्रश्न सुटलेला नसतो. आणि तो सुटलेला नाही म्हणूनच धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) पुन्हा उघडून पाहणे जरूर आहे.

साहित्यगुणांच्या दृष्टीने ह्या पुस्तकाची वाखाणणी फारशी झालेली नाही. शैली सपाट आहे. गणिताचे अध्यापक लिहीत आहेत हे पानोपानी कळते. आकडे आहेत, वर्गण्या आहेत, तारखा आहेत, उमाळे नाहीत. परंतु हा सपाटपणा हाच त्या पुस्तकाचा आशय आहे, असे आमचे मत आहे. कर्वे यांचा जन्म १८५८ चा. मुरुडहून साताऱ्यास, डोंगर ओलांडून, पायी परीक्षेस गेलेला मुलगा तेथे पोचतो आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसू देत नाहीत. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ह्या प्रसंगाचे एक करुण प्रकरण केले असते. कर्वे यांच्या हाती तो एक नोंद होऊन राहतो. चालणे त्यांच्या हाती होते ते त्यांनी केले, बसू देणे परीक्षकांच्या हाती होते. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. १८८६ मध्ये मुंबईत शिकविण्याची कामे करीत असताना त्यांनी मुरुड फंड काढला. गावच्या मिळवत्या माणसांनी आपल्या उत्पन्नाचा लहानसा ठराविक अंश गावासाठी द्यावा, एवढीच त्याची कल्पना. 'गावाचा उद्धार' असले नाव त्यांनी त्याला दिले नाही.

ह्या माणसाच्या संकल्पबुद्धीची खरी खूण एका नामांतरात सापडते. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः गोदूबाई जोशी ह्या बालविधवेशी विवाह केला आणि त्याच वर्षी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन झाली. दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, तिचे नाव बदलून 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' असे केले. वरवर पाहता केवळ शब्दच्छल. पण विवाहास उत्तेजन द्यावयाचे म्हटले की इतरांच्या मनात इच्छा उत्पन्न करावी लागते, आणि ती आपल्या हाती नाही. प्रतिबंध निवारण करावयाचे म्हटले की अमुक गावातला बहिष्कार, अमुक जोडप्याच्या राहण्याची सोय, असे एकेक काम पुढे मांडता येते. मासळीकडून जाळ्याकडे वळणे म्हणतात ते हेच. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये हिंगण्याची झोपडी, १९०७ मध्ये महिला विद्यालय, ही प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभे राहून दिसली तेवढीच त्यांनी चढली. गंमत अशी, की 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झाले तेव्हा लेखक सत्तावन वर्षांचा होता आणि महिला विद्यापीठ अजून व्हावयाचे होते. ते १९१६ मध्ये निघाले, आणि त्याच्या पहिल्या विद्यार्थिनी बोटांवर मोजता येण्याजोग्या होत्या. आत्मचरित्र लिहिणारा मनुष्य बहुधा आपल्या आयुष्याच्या शेवटाकडून आरंभाकडे पाहतो, आणि मग सर्व काही पूर्वीपासून ठरलेलेच होते असे भासवितो. कर्वे यांस ही सोय नव्हती. आपले सर्वांत मोठे काम कोणते हे पुस्तक लिहिताना त्यांस माहीत नव्हते, आणि म्हणून त्यातील पायऱ्या खऱ्या वाटतात.

बेंजामिन फ्रँकलिनची आठवण येथे होते. त्याने तेरा सद्गुणांचा तक्ता केला, दर आठवड्यास एक गुण घेतला, म्हणजे वर्षात चार फेऱ्या पुऱ्या होतात. चुकले की तक्त्यात काळा ठिपका. व्यवस्थितपणा हा गुण आपणांस कधीच साधला नाही असे तो मोकळेपणाने सांगतो. तक्ता मजेदार आहे, पण सगळा स्वतःपुरता. कर्वे यांच्या हिशेबात ठिपके नाहीत. रुपये, आणे आणि मैल आहेत.

परंतु ह्या हिशेबातही खर्ची घातलेल्या काही रकमा दिसत नाहीत, आणि त्यांचा उल्लेख टाळणे टीकाकाराच्या धर्माविरुद्ध होईल. आश्रमाला समाजाचा आश्रय मिळावा म्हणून कर्वे यांनी तो विधवाविवाहाच्या चळवळीपासून अलग ठेविला, आणि प्रारंभीच्या वर्षांत तेथील प्रवेश उच्चवर्णीय विधवांपुरताच राहिला. दोन्ही निर्णय व्यवहार्य म्हणून घेतलेले. पण त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती, पुढे अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, आणि १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. म्हणजे जे अव्यवहार्य समजले गेले ते पन्नास वर्षांपूर्वी, कमी साधनांनिशी, करून दाखविलेले होते. व्यवहाराची मर्यादा आखताना कर्वे यांनी ती आपल्या वर्गणीदारांच्या डोळ्यांनी पाहिली, असे आम्हांस म्हणावे लागते. जातिभेदाविरुद्ध समता संघ त्यांनी काढला तो १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी. लहान पाऊल टाकणे योग्य. पण जे त्या पावलाबाहेर राहिले त्यांस तेवढी वर्षे वाट पाहावी लागली, हेही त्याच हिशेबात लिहावयास हवे.

दुसरी रक्कम घरातली. गोदूबाईंच्या, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांच्या, 'माझे पुराण' (१९४४) ह्या पुस्तकावाचून 'आत्मवृत्त' वाचणे म्हणजे वहीची एकच बाजू पाहणे होय. आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. नवऱ्याच्या कार्याविषयी त्यांस आदर आहे, स्वतः त्यांनी आश्रमासाठी कष्ट उपसले व वर्गणीही गोळा केली. तरी घरखर्चाची ओढाताण, मुलांकडे पाहण्यास नसलेली सवड आणि मुरुडच्या बहिष्काराचे चटके त्या झाकून ठेवीत नाहीत. त्यांची भाषा बोलण्यातली, खटकेबाज. नवऱ्याच्या पुस्तकात एका ओळीत संपणारी त्यागाची गोष्ट त्यांच्याकडे आली की तिला डाळ-तांदळाचा वास येतो. मघाच्या कहाणीतील प्रश्न येथे विचारावा. कर्वे राजासारखे होते काय? मुळीच नाही; त्यांनी स्वतःचेच दूध प्रथम ओतले. पण स्वतःचे म्हणून जे ओतले त्यात बायकोमुलांचा वाटा होता, आणि तो त्यांना विचारून ओतला होता की नाही याविषयी दोन्ही पुस्तके एकसारखे बोलत नाहीत. आपल्या समीक्षेने 'माझे पुराण' हे थोर माणसाच्या पत्नीचे पूरक पुस्तक म्हणून बाजूस ठेविले. आमच्या मते ह्या विषयापुरते ते अधिक मोठे पुस्तक आहे, कारण संकल्पाची किंमत त्यात लिहिलेली आहे.

त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) येथे थोडक्यात तरी सांगितली पाहिजे, कारण इंग्रजी शिकण्याचा निश्चय हा मराठी मध्यमवर्गाचा सर्वांत आवडता निश्चय आणि बहुधा सर्वांत लौकर मोडणारा. पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. आश्रमाच्या वर्गणीसाठी गावोगाव हिंडताना इंग्रजीवाचून अडते असे त्यांस दिसले. येथे राहून कामाच्या गर्दीत ती भाषा साधत नाही, हे अनुभवाने कळल्यावर १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्या घरी घरकाम करून राहिल्या. १९२० मध्ये परत आल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगी वैधव्य, गाठी पैसा नाही. ही वेडे साहसाची गोष्ट नव्हे काय, असे कोणी म्हणेल. आम्हांस ती उलट वाटते. घरी राहून शिकण्याचा निश्चय हा दिसण्यात सोपा होता, पण त्यांच्या दिनक्रमात तो बसत नव्हता. अमेरिकेत भांडी घासण्याचा मार्ग कठीण होता, पण तेथे भाषा चोवीस तास कानांवर पडणार हे नक्की होते. साध्य काय आणि असाध्य काय हे अंतरावरून ठरत नाही, हे ह्या पुस्तकाने जितके दाखविले तितके दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकाने दाखविल्याचे आमच्या वाचनात नाही. पुस्तकात आत्मगौरवाचा लवलेश नाही. जे जमले नाही तेही त्या सरळ सांगतात.

शेवटी एका ग्रंथाच्या जन्माची हकीकत. पालीसारख्या गावांतील ख्रिस्ती मराठी माणसाला 'पुराण' हा शब्द परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ त्याने पुरा केलेला होता. तसाच एक मोठा ग्रंथ ओवीबद्ध करावा असे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मनात घेतले आणि १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' आरंभिले. टिळकांच्या प्रतिभेविषयी शंका घेण्यासारखे काही नाही. पण 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) वाचणाऱ्यास त्यांचा स्वभाव माहीत आहे: मनात आले की निघाले, कोणी मागितले की दिले, नव्या कल्पनेपुढे जुनी विसरली. ह्या दहा वर्षांत त्यांनी 'ज्ञानोदया'चे संपादन केले, भजने रचिली, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. ह्यातले कोणतेच काम फुकट गेले असे नाही. मात्र १९१९ मध्ये ते वारले तेव्हा 'ख्रिस्तायना'चे पहिले दहा-अकरा अध्याय तेवढे झाले होते.

लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर घरीच झाली. टिळकांचे संकल्प घरात कसे उतरतात हे त्यांनी जन्मभर सोसले होते आणि त्यावर हसल्याही होत्या; 'स्मृतिचित्रां'तला विनोद हा पुष्कळसा मोडलेल्या बेतांचाच विनोद आहे, आणि आरंभी उल्लेखिलेल्या पुरवणीतल्या विनोदाहून तो वेगळा पडतो, कारण बेत मोडल्यावर चूल कोणी पेटविली हे त्यात नेहमी सांगितलेले असते. ह्या बाईंनी नवऱ्याचा अर्धवट ग्रंथ हाती घेतला. मोठा बेत जाहीर केला नाही. एक अध्याय, मग पुढचा. असे चौसष्ट अध्याय त्यांनी रचिले. काव्यगुणांत टिळकांचे अध्याय सरस आहेत असे जाणते सांगतात, आणि आमचाही कौल तोच आहे. लक्ष्मीबाईंची ओवी कोठे कोठे केवळ कथा पुढे ढकलते. पण तिळमात्र तरी ढकलते, आणि थांबत नाही.

त्यांच्या स्वतःच्या आठवणींचा चौथा भाग मात्र त्यांच्या हातून पुरा व्हावयाचा नव्हता. १९३६ मध्ये त्या वारल्या, आणि राहिलेला मजकूर त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी लिहून तो भाग पुरा केला.